एक वोक, आठ टेबलं: छोट्या थाई रेस्टॉरंटमध्ये नीट जेवायचं कसं

मुंबईत थाई जेवण आधी मोठ्या हॉटेलांतून आलं. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं थाई पॅव्हिलियन नव्वदच्या दशकापासूनचं. आता वांद्र्याच्या गल्ल्यांत, अंधेरीला, पवईत आठ-दहा टेबलांची रेस्टॉरंटंही दिसतात आणि त्यांच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकाला तिथलं जेवण अप्रतिम लागलं, तर दुसऱ्याला त्याच आठवड्यात पाणचट. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. काय मागवलं, कधी मागवलं आणि वेटरला काय सांगितलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

छोट्या थाई किचनचं गणित सोपं आहे. वोक (मोठ्या आचेवर परतायची खोलगट कढई) एक किंवा दोन, आचारी एक, हाताखाली एखादा मुलगा. काही गोष्टी सकाळीच करून ठेवलेल्या असतात: करीची पेस्ट, सूपचा स्टॉक, शेंगदाण्याचं सॉस, भिजवलेला चिकट तांदूळ, मसाला लावून ठेवलेलं सातेचं, म्हणजे काडीवर भाजायचं चिकन. बाकीच्या ऑर्डर आल्यावर होतात: सोम टम (कच्च्या पपईचं कुटलेलं सॅलड), पॅड थाई (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स), क्रपाव (तुळशीच्या पानांबरोबर परतलेलं मांस), परतलेल्या भाज्या, फ्राइड राइस. हे दोन गट डोक्यात पक्के ठेवा, कारण सकाळी तयार झालेलं तुमच्यासाठी बदलत नाही, समोर होणारं बदलतं. तिखट कमी, लसूण नको, फिश सॉस नको, या विनंत्या दुसऱ्या गटातच चालतात. "ग्रीन करी कमी तिखट करा" म्हटलं तर आचाऱ्याच्या हातात नारळाचं दूध वाढवण्यापलीकडे फारसं काही नसतं. मग करी पातळ आणि गोडसर होते, आणि दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो.

जायची वेळ

शुक्रवार ते रविवार रात्री साडेआठ ते दहा हा सगळ्यात वाईट काळ. साडेसातला पोचलात तर तोच आचारी दुप्पट चांगलं जेवण देतो. बसायच्या आधी गल्ल्याकडे एक नजर टाका. डिलिव्हरीची चार-पाच मुलं उभी असतील, तर दिसणाऱ्या टेबलांखेरीज तेवढीच न दिसणारी टेबलंही त्याच वोकवर जेवतायत. अशा वेळी वेटरला सरळ विचारा, "दादा, वोकवरच्या ऑर्डरला किती वेळ आहे?" पंचवीस मिनिटं असं स्पष्ट उत्तर आलं तर बिनधास्त बसा. "बस, पाच मिनिटांत" हे उत्तर जास्त काळजीचं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा अख्खा वाफवलेला मासा मागवताना तो फ्रोझन आहे का ते विचारून घ्या. फ्रोझन मासा वाफवला की अंगचं पाणी सोडतो आणि वरचं लिंबू-लसणाचं सॉस फिकं पडतं. त्या दोन महिन्यांत तोच मासा तळलेला, वर चिंचेचं सॉस घातलेला बरा लागतो.

कार्ड वाचताना

कार्डावर सुशी, मोमो, शेझवान आणि थाई सगळं एकत्र असेल तर थाईच्या नावाखाली बहुतेक लाल करी, हिरवी करी आणि पॅड थाई एवढंच निघेल. सोम टम, क्रपाव, मसमन (शेंगदाणे घातलेली घट्टसर करी), चिकट भात यांपैकी तीन तरी असतील तर किचन थाई पद्धतीने विचार करतंय असं समजायला हरकत नाही. दुसरी खूण टेबलावर दिसते: चार वाट्यांचा किंवा बरण्यांचा छोटा ट्रे. फिश सॉसमध्ये कापलेली मिरची, व्हिनेगरमध्ये मिरची, भाजलेल्या सुक्या मिरचीची भरड आणि साखर. टेबलावर नसला तरी मागा. चटकन आला तर चांगलं लक्षण.

चॉपस्टिक्स मात्र मागायची गरज नाही. थाई लोक भात चमच्याने खातात, डाव्या हातातल्या काट्याने घास चमच्यात ढकलतात. चॉपस्टिक्स मुख्यतः नूडल्सच्या सूपला, आणि चिकट भाताला हात. हाताने जेवायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

शाकाहारी, जैन आणि श्रावण पाळणाऱ्यांसाठी

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, त्यामुळे जरा सविस्तर. "हे व्हेज आहे ना?" या प्रश्नाला वेटर "हो" म्हणतो, कारण त्याच्या मते चिकन नाही म्हणजे व्हेज. विचारायचा प्रश्न हा: "यात फिश सॉस, ऑयस्टर सॉस किंवा कोळंबीची पेस्ट पडते का?" तिन्ही नावं घेऊनच विचारा.

कोळंबीची पेस्ट म्हणजे मीठ लावून आंबवलेली बारीक कोळंबी. आपला जवळा ज्या कुळातला, साधारण त्याच जिवाची. ती करीच्या पेस्टमध्ये वाटतानाच पडते. म्हणून "व्हेज ग्रीन करी"मध्ये भाज्या आणि टोफू असले तरी पेस्ट तीच असू शकते. पेस्ट डब्यातली असेल तर डबा दाखवायला सांगा, घटक त्यावर छापलेले असतात. कोळंबी नसलेली पेस्टही मिळते आणि बरीच रेस्टॉरंटं तीच वापरतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. टॉम यम या आंबट-तिखट सुपात दोन ठिकाणी गडबड होते, एक स्टॉक चिकनचा असतो आणि दुसरं म्हणजे त्यात पडणाऱ्या भाजलेल्या मिरचीच्या चटणीत सुकी कोळंबी असू शकते. नुसत्या परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, सोम टममध्ये फिश सॉस आणि सुकी कोळंबी, पॅड थाई आणि फ्राइड राइसमध्ये अंडं आणि बहुधा फिश सॉसही. यातल्या शेवटच्या चारही गोष्टी समोर होतात, म्हणून टाळता येतात. ऑयस्टर सॉसच्या जागी मशरूम सॉस, फिश सॉसच्या जागी पातळ सोया सॉस आणि चिमूटभर मीठ.

थायलंडमध्ये "जे" नावाचा आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. हे ऐकून जैन जेवणाशी जुळतं असं वाटेल, पण त्यात बटाटा-गाजर चालतात, त्यामुळे तो शब्द वापरून काही साधत नाही. जैन जेवणात करीचा नाद सोडा. लसूण आणि छोटे कांदे हा पेस्टचा पायाच आहे, आणि आल्याचा भाऊ कुलिंजन तोही कंद. तरी कार्डावर "जैन ग्रीन करी" दिसलीच तर ती बहुधा कोथिंबीर घातलेलं नारळाचं दूध असते, वाईट नव्हे, पण वेगळी. त्यापेक्षा लसूण, फिश सॉस आणि सुकी कोळंबी न घालता कुटलेलं सोम टम, टोफू घातलेली आणि अंडं, कांदा-लसूण, फिश सॉस वगळलेली पॅड थाई, आणि शेवटी आंबा-चिकट भात, हे जेवण मूळ चवीच्या जास्त जवळ राहतं.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मसमन, साते, पॅड थाई, सोम टम ही चारही नावं आधीच बाजूला काढा. वोक नुसता पाण्याने धुऊन पुन्हा चढतो, त्यामुळे गंभीर ॲलर्जीवाल्याने "शेंगदाणे नका घालू" एवढ्या भरवशावर राहू नये.

मागवायचं कसं

थाई जेवणात स्टार्टर-सूप-मेन कोर्स असा क्रम नाही, सगळं मध्ये ठेवून भाताबरोबर वाटून खातात. पण "सगळं एकदम आणा" म्हणालात तर एका वोकवर ते शक्य नसतं. पहिल्या ताटातलं गार होईपर्यंत शेवटचं येत नाही. चौघांसाठी चालणारी रचना अशी: एक सोम टम, एक सूप वन बाय टू करून दोन वाट्या, एक करी, एक सुकं परतलेलं, आणि भात आधी दोनच वाट्या. सोम टम खलबत्त्यात होतं, त्याला वोक लागत नाही. ते येईपर्यंत करी दुसऱ्या शेगडीवर तापते आणि वोक परतायला मोकळा राहतो. नूडल्स सगळ्यात शेवटी सांगा, तेही पहिली फेरी संपत आल्यावर.

चौघांनी चार पॅड थाई मागवणं ही हमखास चूक. एका वेळी एक किंवा दोनच प्लेटा नीट होतात. चार प्लेटांचा माल एकदम टाकला की वोकचं तापमान उतरतं, नूडल्स परतायच्या ऐवजी वाफेत शिजतात आणि गोळा होतात. त्याच चार प्लेटा दोन-दोन करून आल्या तर दोघांना दहा मिनिटं थांबावं लागेल, पण नूडल्स सुट्या मिळतील. वेटरला तसं सांगा, आचारी खूश होतो.

ताटात आल्यावर काय बघायचं

ग्रीन करीचा रंग फिकट, शेवाळी हिरवा हवा आणि वर हिरवट तेलाचे थेंब तरंगायला हवेत. नारळाच्या घट्ट दुधाला तेल सुटेपर्यंत आटवून त्यात पेस्ट परततात, त्याचं ते तेल. आपण वाटणाला तेल सुटेपर्यंत परततो तसंच. पोपटी रंग दिसला तर पालक, कोथिंबीर किंवा खायचा रंग आहे असं समजा. डब्यातल्या काही नारळाच्या दुधात घट्टपणा टिकवणारे पदार्थ असतात, त्याला तेल सुटतच नाही. म्हणून थेंब दिसले नाहीत म्हणजे आचारी अनाडी, असं लगेच म्हणू नका. करी पातळ असणं हा दोष नाही, ती भातात मुरायला पातळच असते. दोष आहे तो कॉर्नफ्लोअरचा: पाच मिनिटं ठेवल्यावर वर साय धरल्यासारखी चकचकीत कातडी येते. ब्रोकोली आणि बेबी कॉर्न हा मुंबईचा हट्ट. थाई छोटी वांगी इथे रोज मिळत नाहीत, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

टॉम यम सुपात गवती चहाचे दांडे, कुलिंजनाच्या चकत्या आणि माक्रूट लिंबाची पानं असतात. कार्डावर त्या लिंबाला बहुधा काफिर लाइम म्हटलेलं असतं. कढीपत्त्यासारखं हे सगळं बाजूला काढायचं, चावायचं नाही. "सुपात लाकडं होती" ही तक्रार वेटर रोज ऐकतो. आपल्याकडे चहासाठी गवती चहाची पाती विकतात, थाई स्वयंपाकाला मात्र मुळाकडचा जाड पांढरा दांडा लागतो. सूप नुसतंच लिंबू सरबतासारखं लागलं तर दांड्याऐवजी पाती वापरली असण्याची शक्यता मोठी. आणि कडवट लागलं तर लिंबू उकळत्या सुपात पिळलेलं आहे. ते आच बंद केल्यावर पडायला हवं.

पॅड थाईचा रंग चिंचेचा, म्हणजे फिकट तपकिरी. लालसर-केशरी आणि गोड असेल तर केचप. तांदळाच्या नूडल्स साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून वोकमध्ये दोन-तीन मिनिटांत शिजतात. आधी उकळून ठेवलेल्या असतील तर काट्यावर घेताच तुटतात. बाजूला लिंबाची फोड, मोड, शेंगदाण्याचं कूट येतं ते शोभेसाठी नाही. आधी लिंबू पिळा, मग चव घ्या.

सोम टममध्ये कच्च्या पपईचे तुकडे करकरीत हवेत आणि थोडे ठेचलेलेही. नुसते किसून सॉस ओतलेले असतील तर चव वरवर राहते. फिश सॉसच्या मिठामुळे पपई पाणी सोडत जाते, दहा मिनिटांत तळाशी तळं साचतं. गप्पा नंतर, सोम टम आधी.

क्रपावची गंमत अशी की त्याला लागणारं पान आपल्या वृंदावनातल्या तुळशीच्याच जातीचं. तरी इथल्या रेस्टॉरंटांत बहुधा थाई बेसिल, म्हणजे सब्जाच्या जातभाईची बडीशेपेच्या वासाची पानं घालतात. चव गोडसर होते, पण पदार्थ बिघडत नाही. बिघडतो तो रस्सा ठेवला की. क्रपाव कोरडं हवं, लसूण-मिरचीचा ठसका नाकात जाणारं, वर कडा कुरकुरीत झालेलं अर्धकच्च्या बलकाचं अंडं. अंडं कार्डावर वेगळं लिहिलेलं असतं, मागवा.

भाताला जास्मिन राइस म्हणतात पण जाईचा वास नसतो. वास येतो तो आंबेमोहोराच्या वळणाचा, दोघांतलं मुख्य सुगंधी द्रव्य एकच आहे. गोडात आंबा-चिकट भात हापूसच्या मोसमात, एप्रिल-मेमध्येच मागवा. एरवी "आंबा ताजा की पल्प?" हे विचारा. वर ओतलेलं नारळाचं दूध किंचित खारट लागायला हवं. नुसतं गोड असेल तर आचाऱ्याने मीठ विसरलंय किंवा गिऱ्हाइकाला घाबरून काढलंय. भाताचे वरचे दाणे टणक असतील तर तो सकाळचा आहे, पुन्हा वाफवून मागा, सात-आठ मिनिटांचं काम आहे.

तिखटाचं

आपलं तिखट मसाल्यात, तेलात मुरलेलं असतं आणि हळूहळू चढतं. थाई तिखट ताज्या मिरचीचं, पहिल्याच घासाला टाळूवर. लवंगी मिरची खाणाऱ्यालाही म्हणून ते जास्त वाटतं. "मीडियम" या शब्दाला काही अर्थ नाही. सोम टमला मिरच्या मोजून सांगा: एक मिरची सौम्य, तीन म्हणजे घाम. चटका बसला तर पाण्याने जात नाही, कारण मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. कोरडा भात खा, किंवा नारळाच्या दुधाचे दोन चमचे मागून घ्या.

बिघडलं तर

तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या घासाला करा. अर्धी प्लेट संपल्यावर आचाऱ्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. आणि दुरुस्त होणारं कोणतं, न होणारं कोणतं, हे ओळखून बोला. आंबट, खारट, गोड कमी आहे, हे टेबलावरच्या ट्रेमधूनच सुटतं, वेटरला बोलवायची गरज नाही. करी फार खारट किंवा तिखट असेल तर परत पाठवा, नारळाचं दूध घालून पाच मिनिटांत खाण्याजोगी होते, जरा गोडसर झाली तरी. पण जळलेला लसूण, गोळा झालेल्या नूडल्स, रबरासारखी कोळंबी यांना इलाज नाही. तिथे "जरा गरम करून आणा" म्हणू नका, आणखी बिघडेल. "दादा, लसूण जळलाय, हे नवीन करून द्या किंवा बिलातून काढा" एवढं शांतपणे बोला. शाकाहारी ऑर्डरमध्ये कोळंबी निघाली तर मात्र लगेच मालकाशी बोला, प्लेटचा आणि ऑर्डरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

उशिराची तक्रारही नेमकी हवी. करी वीस मिनिटांत न येणं ही सर्व्हिसची चूक, बहुधा चिठ्ठी आत पोचलेलीच नसते. गर्दीत पॅड थाईला वीस मिनिटं लागणं ही चूक नव्हे.

बिल

स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी साधारण ५ टक्के असतो, अडीच-अडीच असा दोन ओळींत. कंपोझिशन योजनेतलं (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारं) छोटं रेस्टॉरंट गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, आणि बिलावर तसं लिहिलेलं असावं लागतं. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात आपोआप लागला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही (अन्न परवान्याचा) हवा. टिप द्यायची असेल तर रोख, वेटरच्या हातात. यूपीआयने बिलात मिळवलेली टिप गल्ल्यातच राहू शकते.

मत लिहिणार असाल तर

वार, वेळ, काय मागवलं आणि काय बदलून मागितलं, एवढं आधी लिहा. "ऑथेंटिक नाही" याने कोणालाच काही कळत नाही, "पॅड थाईत केचप होतं, सोम टम ताजं कुटलेलं" याने कळतं. जेवण आणि सर्व्हिस वेगळं लिहा. घरी मागवलेलं खाऊन रेस्टॉरंटबद्दल लिहीत असाल तर तसं सांगा, कारण अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकमधून आलेली प्लेट ही वेगळीच वस्तू असते.

उरलेलं आणि पार्सल

मसमन, लाल करी आणि टॉम खा (नारळाच्या दुधातलं सूप) प्रवासात टिकतात. मसमन तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. भात आणि करी वेगळ्या डब्यांत घ्या. पॅड थाई नेणार असाल तर मोड आणि लिंबू वेगळं बांधायला सांगा. सोम टम पार्सल घेऊ नका, घ्यायचंच तर पपई आणि सॉस वेगवेगळं. मुंबईच्या दमट हवेत नारळाच्या दुधाचा पदार्थ लवकर आंबतो, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी करी मंद आचेवर ढवळत, नीट वाफ येईपर्यंत तापवा. टॉम यम तापवलं तर खाली उतरवून त्यात पुन्हा अर्ध्या लिंबाचा रस पिळा, कारण कालचा आंबटपणा तोवर मेलेला असतो.